चिलीतला राजमा गणंग राहतो तेव्हा

तक्रार अशी आहे. टोमॅटोचा रस्सा दाट झालेला असतो, मिरची-जिऱ्याचा खमंग वास घरभर सुटलेला असतो, वर तेलाचा तवंग आलेला असतो आणि पातेले अडीच तास मंद आचेवर असते. तरीही डावाने एक दाणा काढून दाताखाली धरला की तो खडूसारखा कुटकन तुटतो. आणखी तासभर ठेवले तर रस्सा बुडाला लागू लागतो, पण राजमा गणंगच राहतो. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओमध्ये आमच्या घरी शाकाहारी चिली, म्हणजे मिरची-टोमॅटोच्या दाट रश्शातला राजमा, करताना एका हिवाळ्यात हा प्रकार तीनदा घडला, आणि त्यातला एक प्रसंग तर मंडळाच्या पॉटलकच्या, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाच्या, आदल्या रात्रीचा होता. दर वेळी मी दोष वेगळ्या गोष्टीला दिला आणि दर वेळी माझे निदान अर्धेच बरोबर निघाले, कारण दोष एकट्या कशाचा नव्हता. तीन-चार गोष्टी एकमेकींना हातभार लावत होत्या.

सर्वांत मोठी चूक मात्र राजम्यात नव्हती, ती पाककृतीच्या वाचनात होती. चिली हा मूळचा टेक्सासचा पदार्थ. १९७७ साली या राज्याने ‘चिली कॉन कार्ने’ला आपला अधिकृत राज्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. त्या मूळ रूपात मांस आणि मिरच्या असतात, राजम्याला तिथे जागाच नाही, आणि टरलिंग्वा गावात १९६७ पासून भरणाऱ्या चिलीच्या स्पर्धांच्या परंपरेतले कडवे लोक तर राजम्यासारख्या बिया (बीन्स) घातलेल्या चिलीला चिली म्हणायलाही तयार नसतात. शाकाहारी चिलीत मात्र मांसाची जागा राजमा, पिंटो आणि काळ्या बिया घेतात, आणि अमेरिकी घरात या बिया बहुतेक वेळा डब्यातून येतात. डब्यातला राजमा पूर्ण शिजलेला असतो. त्यामुळे इंग्रजी पाककृतीत कांदा परतल्याबरोबर टोमॅटो आणि बिया एकदमच पडतात आणि पुढचा पाऊण तास फक्त मसाला मुरण्यासाठी असतो. आपण काटकसरीने किंवा चवीसाठी डब्याऐवजी सुका राजमा भिजवून घालतो, पण क्रम मात्र डब्याचाच ठेवतो. चूक तिथे होते.

हे आपल्याला खरे तर कोणी शिकवायला नको. चिंच किंवा आमसूल आमटीत कधी घालायचे, हे मराठी घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते: डाळ शिजल्यावर, त्याआधी नाही. तूरडाळीच्या कुकरात कोणी चिंचेचा कोळ ओतत नाही. पण पाककृती परदेशी असली आणि तिच्यात कप-चमच्यांची मापे छापलेली असली, की आपण आपले शहाणपण ओट्याच्या कडेला ठेवून छापील अक्षराच्या मागे जातो. मी तरी गेले.

यामागचे कारण समजून घेतले तर पुढची सगळी दुरुस्ती आपोआप सुचते. दाण्यातल्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवण्याचे काम पेक्टिन करते, आणि राजमा मऊ होतो म्हणजे हे पेक्टिन गरम पाण्यात विरघळून पेशी सुट्या होतात. आंबट पाण्यात पेक्टिन फार सावकाश विरघळते. पाण्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम असेल तर ते पेक्टिनला जणू जागोजागी टाके घालून आणखी घट्ट करते. टोमॅटोच्या डब्यात या दोन्ही गोष्टी एकत्र भेटू शकतात. टोमॅटो आंबट असतोच. शिवाय चौकोनी फोडींच्या डब्यात त्या फोडींचा आकार टिकावा म्हणून बहुधा कॅल्शियम क्लोराइड घातलेले असते. डबा हातात घेऊन घटकांची यादी वाचली की ते दिसते. आमच्या कपाटात त्या दिवशी फोडींचे तीन डबे होते आणि तिन्हींवर ते नाव होते. ठेचलेल्या टोमॅटोच्या डब्यावर ते नव्हते. तेव्हापासून मी चिलीसाठी ठेचलेला टोमॅटोच आणते, कारण फोडींचा आकार टिकवण्यात मला काहीही स्वारस्य नाही.

गुळाचेही तसेच आहे. टोमॅटोचा आंबटपणा मारायला आपला हात गुळाच्या डब्याकडे जातो आणि अमेरिकी माणसाचा मळीच्या काकवीकडे किंवा ब्राउन शुगरकडे. साखर दाण्याचे मऊ होणे लांबवते आणि काकवीत कॅल्शियमही असते. बॉस्टनच्या बेक्ड बीन्स तासन्‌तास भट्टीत राहूनही लगदा होत नाहीत, त्याचे श्रेय याच जोडीला आहे. म्हणून गूळ घालायचा असेल तर अगदी शेवटी.

हे सगळे लक्षात आल्यावर दुसऱ्या वेळी मी राजमा आधी वेगळा शिजवायला ठेवला. टोमॅटोचा थेंबही त्यात नव्हता. तरी दीड तासाने दाण्याच्या पोटात पांढरा, पिठूळ, कच्चा गाभा होताच.

त्या दिवसांत माझ्या सासूबाई लातूरजवळच्या गावाहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. चहासाठी किटली उचलताना त्यांनी आत डोकावून पाहिले, बुडाशी साचलेला पांढरा थर नखाने खरवडला आणि म्हणाल्या, “अगं, हे तर आपल्या बोअरचंच पाणी आहे की! यात डाळ कशी शिजेल?” मी म्हटले, “अहो आई, घरात सॉफ्टनर आहे. पाणी जड असणं शक्यच नाही.” त्यांनी काही न बोलता किटली माझ्यापुढे ठेवली.

सॅन अँटोनिओला पाणी प्रामुख्याने एडवर्ड्‌स भूजलसाठ्यातून येते आणि हा साठा चुनखडकात आहे. लिटरमागे साधारण २५० ते ३५० मिलिग्रॅम इतका या पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण, असतो. १८० च्या वर गेलेले पाणी अतिशय जड समजले जाते. आमच्या घरात पाणी मृदू करणारे यंत्र खरोखरच होते, पण गॅरेजमधल्या नळांचा माग काढल्यावर कळले की स्वयंपाकघरातला गार पाण्याचा नळ त्या यंत्राला वळसा घालून थेट बाहेरच्या वाहिनीला जोडलेला आहे. इकडे अनेक घरांत तसे मुद्दामच करतात, कारण यंत्र कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडते आणि पिण्याच्या पाण्यात ते नको असते. म्हणजे आंघोळीला मृदू पाणी आणि राजम्याला जड, अशी आमच्या घरातली वाटणी होती.

संशय फेडण्यासाठी मी एक साधी चाचणी केली, आणि ज्यांचा राजमा वारंवार गणंग राहतो त्यांनी ती एकदा तरी करावी. एकाच पिशवीतले वीस-वीस दाणे तीन वाट्यांत रात्रभर भिजवले: पहिल्या वाटीत नळाचे पाणी, दुसरीत दुकानातून आणलेले ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी, तिसरीत नळाचेच पाणी. सकाळी तीन छोट्या पातेल्यांत तीच पाणी नव्याने घेऊन दाणे शिजत ठेवले आणि फक्त तिसऱ्या पातेल्यात खायच्या सोड्याची चिमूट टाकली. दर दहा मिनिटांनी प्रत्येकातला एक दाणा काढून अंगठा आणि तर्जनीत दाबून पाहिला. तिसऱ्या पातेल्यातला राजमा पाऊण तासाच्या आतच लोण्यासारखा दबला, ऊर्ध्वपातित पाण्यातला तासाभराने, आणि नुसत्या नळाच्या पाण्यातला पावणेदोन तासांनंतरही साल सोडायला तयार नव्हता. तिन्ही पातेल्यांत दाणे सारखेच रेंगाळले असते तर दोष पाण्याचा नसून पिशवीचा ठरला असता. ही चाचणी त्यासाठीही उपयोगी आहे.

पाणी जड निघाले तर उपाय अवघड नाहीत. चुनखडकातल्या पाण्याचा बराचसा जडपणा उकळल्याने खाली बसतो, म्हणून पाणी दहा मिनिटे खळखळून उकळावे, निवू द्यावे आणि बुडचा गाळ न हलवता वरचे पाणी ओतून घ्यावे. ज्यांच्या घरी आर.ओ. यंत्र आहे, त्यांनी राजमा भिजवायला आणि शिजवायलाही तेच पाणी वापरावे. महाराष्ट्रात बोअरवेलवर अवलंबून असलेल्या घरांनाही हे लागू पडते. नुसते भिजवण्यापुरते चांगले पाणी घेऊन भागत नाही, कारण शिजतानाही दाणा पाण्यातला चुना शोषून घेत असतो.

सोड्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण हा उपाय जितका गुणकारी तितकाच हाताबाहेर जाणारा आहे. सोडा पाण्याचा आम्लपणा घालवतो आणि अल्कलीत पेक्टिन भराभर विरघळते. साधारण ३४० ग्रॅम सुक्या राजम्याला सपाट पाव चहाचा चमचा पुरेसा होतो. त्याहून जास्त घातला तर दाण्याची साले सुटून वर तरंगतात, रस्सा बुळबुळीत होतो आणि जिभेवर साबणासारखी चव रेंगाळते. शिवाय काही जीवनसत्त्वेही नष्ट होतात. पाणी चांगले आणि राजमा नवा असेल तर सोडा मुळीच घालू नये.

राजमा नवा आहे की जुना, हे नजरेला कळत नाही, पण त्याने फार फरक पडतो. उष्ण आणि दमट जागी महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या दाण्यात आतल्या आत बदल घडतात: फॉस्फरस धरून ठेवणारे फायटेट तुटते, त्याने बांधून ठेवलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोकळे होते आणि ते जाऊन पेक्टिनला घट्ट करते. म्हणजे पाणी मृदू असले तरी दाणा आपला चुना आपल्या पोटातच घेऊन येतो. घाऊक दुकानातून स्वस्त मिळतो म्हणून आणलेले वीस पौंडांचे पोते आम्ही गॅरेजमध्ये ठेवले होते आणि टेक्सासच्या उन्हाळ्यात त्या गॅरेजमध्ये दुपारी पाय ठेववत नाही. दोन उन्हाळे काढलेला तो राजमा कुकरमध्येही कुरकुर करायचा. आता पिशवी लहान आणते, घरातल्या कपाटात ठेवते आणि वर खरेदीचा महिना लिहिते. भिजवताना रात्रभरात न फुगलेले, सुरकुतलेले दाणे वेचून टाकते. ते पुढे शिजत नाहीत.

आता मिठाचा प्रश्न. मीठ आधी घातले तर कडधान्य शिजत नाही, असे माझी आई सांगत असे, तिची आईही सांगत असे, आणि मी पंधरा वर्षे ते निमूट पाळले. राजम्याच्या बाबतीत ते उलटे आहे. भिजवण्याच्या पाण्यात मीठ असेल तर त्यातले सोडियम सालातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा घेते आणि साल मऊ, लवचीक होते. असा दाणा शिजताना फुटतही नाही. लिटरभर पाण्याला १५ ग्रॅम, म्हणजे सुमारे एक मोठा चमचा मीठ घेऊन त्यात राजमा आठ ते बारा तास भिजवावा आणि शिजवण्याआधी धुऊन घ्यावा. आईला फोनवर हे सांगितले तेव्हा ती “बरं बाई” म्हणाली, पण तिच्या स्वयंपाकघरात काही बदल झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

एका बाबतीत मात्र प्रयोग करू नयेत. पहिल्या वेळी मी भिजवलेला कच्चा राजमा आणि टोमॅटो थेट स्लो कुकरमध्ये, म्हणजे तासन्‌तास मंद शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, घातले होते. सहा तासांनी चव बघायला म्हणून आमच्या यजमानांनी वाटीभर चिली खाल्ली आणि दोन तासांच्या आत त्यांना उलट्या सुरू झाल्या. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते. ते मोजण्याच्या एककात कच्च्या दाण्यात २०,००० ते ७०,००० एकके असतात आणि पूर्ण शिजलेल्या दाण्यात २०० ते ४०० उरतात. चार-पाच कच्चे दाणेही त्रास द्यायला पुरतात. स्लो कुकरमध्ये पदार्थाचे तापमान बराच काळ उकळीच्या खाली राहू शकते, आणि ८० अंश सेल्सिअसच्या आसपास शिजलेल्या अर्धकच्च्या राजम्यातला विषारीपणा कच्च्याहून पाचपटीपर्यंत वाढू शकतो. म्हणून राजमा निदान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकावे, आणि नव्या पाण्यात तो अर्धा तास खळखळून उकळल्याशिवाय किंवा प्रेशर कुकरमध्ये शिजवल्याशिवाय स्लो कुकरच्या जवळपास नेऊ नये. दाताखाली कुटकन तुटणारा राजमा ही नुसती चवीची तक्रार नव्हे, तो पाहुण्यांना वाढण्याच्या लायकीचाच नसतो.

या सगळ्यानंतर आमच्या घरी जो क्रम ठरला तो असा. पाककृतीत राजम्याचे तीन डबे सांगितले असतील तर मी पाऊण पौंड, म्हणजे ३४० ग्रॅम सुका राजमा घेते. मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी धुते, उकळून निवळलेले पाणी दाण्यांच्या वर दोन बोटे येईल इतके घालते आणि झाकण न लावता दहा मिनिटे उकळून वरचा फेस काढते. मग झाकण लावते आणि पहिली शिटी झाली की आच मंद करून वीस मिनिटे ठेवते. कुकर निम्म्याहून अधिक भरत नाही, नाहीतर फेस शिटीत अडकतो. वाफ आपोआप जिरल्यावर दोन-तीन दाणे जीभ आणि टाळूमध्ये दाबून पाहते. दातांनी पाहू नये. दात फार उदार असतात. दाणा जिभेने चिरडला गेला पाहिजे. पिंटो किंवा काळ्या बिया घालायच्या असतील तर त्या वेगळ्या शिजवते, कारण तिघांचा वेळ सारखा नसतो आणि एकत्र घातल्या तर एकीचा लगदा होईपर्यंत दुसरी कच्ची राहते.

कुकर निवेपर्यंत जाड बुडाच्या पातेल्यात रस्सा होतो. तीन सुक्या आंचो मिरच्या देठ आणि बिया काढून तव्यावर वास सुटेपर्यंतच शेकते, वीस मिनिटे गरम पाण्यात भिजवते आणि वाटून घेते. जास्त शेकल्या तर कडवट होतात. आंचो न मिळाल्यास ब्याडगी चालते, रंग छान येतो, फक्त आंचोचा मनुकांसारखा गोडसर वास तिला नसतो. इथे एक इशारा दिला पाहिजे: अमेरिकी पाककृतीतली ‘चिली पावडर’ म्हणजे आपले लाल तिखट नव्हे. ते मिरचीची पूड, जिरे, ओरेगॅनो वगैरेंचे सौम्य मिश्रण आहे. आमच्यापासून तासाभरापेक्षा कमी अंतरावरच्या न्यू ब्राउनफेल्स गावात विल्यम गेबहार्ट या जर्मन स्थलांतरिताने १८९० च्या दशकात असे मिश्रण तयार करून विकायला सुरुवात केली. त्यात सांगितलेले तीन मोठे चमचे तुम्ही लवंगी मिरचीच्या तिखटाचे घातलेत, तर राजमा शिजला की नाही हे तपासायला कोणी उरणार नाही.

दोन कांदे तांबूस होईपर्यंत परतून त्यात लसूण, ढोबळी मिरची, भाजलेल्या जिऱ्याची पूड, ओरेगॅनो आणि वाटलेली मिरची घालते. दोन चमचे टोमॅटोची पेस्ट विटेसारखा रंग येईपर्यंत परतते आणि मग ठेचलेल्या टोमॅटोचा सुमारे ८०० ग्रॅमचा डबा ओतते. त्यानंतर शिजलेला राजमा त्याच्या शिजवणीच्या पाण्यासकट. चाळीस मिनिटे मंद आच. आता तोच आंबटपणा, ज्याने मला आधी रडवले, उपयोगी पडतो: आधीच मऊ झालेला दाणा टोमॅटोत आणखी विरघळत नाही, त्याचा आकार टिकतो, आणि दुसऱ्या दिवशी गरम केली तरी चिलीची खिचडी होत नाही. पोटभरीची हवी असेल तर मूठभर भाजलेला जाड दलिया या चाळीस मिनिटांतच घालावा. रस्सा पातळ वाटला तर डावभर राजमा पातेल्याच्या कडेला चिरडावा. गूळ आणि लिंबू आच बंद करण्यापूर्वी.

आणि पातेले आत्ता या क्षणी गॅसवर आहे, पाहुणे तीन तासांत येणार आहेत आणि टोमॅटोत राजमा गणंग आहे, अशी वेळ असेल तर रस्सा आणखी उकळत बसू नये. मोठी चाळणी घेऊन राजमा रश्शातून गाळून काढावा, वाहत्या पाण्याखाली धुवावा, कुकरमध्ये शक्य तितके मृदू पाणी आणि पाव चमचा सोडा घालून शिटीनंतर मंद आचेवर पंचवीस मिनिटे ठेवावा. वाफ जिरल्यावर दाणा जिभेने दाबून पाहावा आणि गरज वाटल्यास आणखी दहा मिनिटे द्यावीत. हे पाणी मात्र फेकून द्यावे, कारण त्यात सोडा आहे. मग राजमा परत रश्शात घालून वीस मिनिटे मुरू द्यावा आणि मीठ पुन्हा चाखावे, कारण धुताना ते गेलेले असते. पॉटलकच्या आदल्या रात्री साडेअकरा वाजता मी हेच केले होते. सासूबाई चाळणी धरून उभ्या होत्या, आणि एका दाण्याचेही नुकसान होऊ नये म्हणून मोरीत पडलेले चार दाणे त्यांनी वेचून परत कुकरात टाकले.